किंमत चौथ्या वर्षी कळते

जालना रोडने चिकलठाणा विमानतळ मागे टाकला की पुढे शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. स्कोडाने २००१ मध्ये तिथे उत्पादन सुरू केले आणि काही वर्षांनी त्याच आवारात ऑडीच्या गाड्याही जुळू लागल्या. ऑडीची क्यू५ आणि क्यू७ ही मोठी, महागडी वाहने भारतातल्या ग्राहकांसाठी इथेच जुळवली जातात. छत्रपती संभाजीनगरला याचा अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा. पण वॉरंटी संपलेल्या अशा गाडीच्या मालकाला शेंद्रा जवळ असल्याचा फारसा उपयोग होत नाही. गाडी इथे जुळते, तरी पार्टची किंमत इथे ठरत नाही. तो पार्ट कुणी बसवायचा आणि बसवल्यावर गाडीने तो स्वीकारायचा की नाही, हेही इथे ठरत नाही.

हा विषय आज घेण्याचे कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर बदलला. आधी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के भरावे लागत, आता एकच ४० टक्के आहे. नव्या गाड्या काही लाखांनी उतरल्या, तसे जुन्यांचे भावही खाली आले. सहा-सात वर्षांची, दिसायला झकास, चामडी सीट आणि काचेचे छप्पर असलेली जर्मन एसयूव्ही आता नव्या मध्यम गाडीच्या पैशांत मिळते. तरुण कंत्राटदार, जमिनीच्या व्यवहारात दोन पैसे मिळालेली मंडळी, नुकता दवाखाना टाकलेले डॉक्टर असे बरेच जण तिच्याकडे वळतात. त्यांच्या हौसेला माझा विरोध नाही. पण या सौद्यातली एक गोष्ट विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. वर्षागणिक गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. ऐंशी-नव्वद लाखांची गाडी तुम्हाला पंचवीस लाखांत मिळाली, तरी तिचा हेडलॅम्प ऐंशी लाखांच्या गाडीचाच असतो आणि त्याचे बिलही त्याच मापाने येते.

एअर सस्पेन्शनचे उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त पैसा तिथेच जातो. यांतल्या अनेक गाड्यांत पोलादी स्प्रिंगऐवजी रबरी हवेच्या पिशव्या असतात. त्यांत हवा भरणारा एक छोटा कॉम्प्रेसर असतो. त्यामुळे खड्ड्यातही गाडी तरंगल्यासारखी जाते आणि बटण दाबले की उंच होते. पाच-सहा वर्षांनी रबराला बारीक भेगा पडतात. सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते आणि सुरू केली की पुन्हा उठते, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. पण गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसरला सतत पळावे लागते. तो एवढे पळण्यासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे काही महिन्यांत जळतो. एका पिशवीचे काम होते, तिथे पिशवी, कॉम्प्रेसर आणि कधीकधी व्हॉल्व्ह ब्लॉकही बदलावा लागतो. कंपनीचा पार्ट घेतला तर एका चाकाचाच खर्च लाखाच्या घरात जातो. गाडी कोपऱ्यावर बसलेली दिसली त्याच आठवड्यात ती दाखवली असती, तर यातले निम्म्याहून अधिक पैसे वाचले असते.

त्यात आपले हवामान रबराचे वैरी आहे. मराठवाड्याचा उन्हाळा पारा चाळिशीच्या पुढे नेतो, आणि जालना रोडवरच्या सिग्नलला उभ्या गाडीच्या बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापते. या इंजिनांत कूलंटचे पाइप, त्यांचे जोड आणि थर्मोस्टॅटचे घर बहुधा प्लास्टिकचे असते. थंड देशांत ते दहा वर्षे टिकत असेल, इथे आधीच ठिसूळ होते. धुळीने एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर ठरल्या वेळेआधी भरतो. अजिंठ्याकडे जाणारा रस्ता कित्येक वर्षे उखडलेला होता. त्या काळात त्यावरून नेमाने ये-जा केलेल्या गाड्यांच्या कंट्रोल आर्मचे बुश आणि स्टिअरिंगचे जोड किती झिजले असतील, ते कुठलाही फिटर वाकून पाहून सांगेल. पातळ साइडवॉलच्या वीस इंची टायरला खड्डा लागला की टायर फुगतो आणि रिमही वाकते. चार टायर एकदम घ्यायचे म्हटले तर लाखाच्या पुढची तयारी ठेवावी लागते.

डिझेल गाड्यांचे आणखी एक दुखणे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झाले आणि धुरातली काजळी अडवणारा फिल्टर जवळपास सगळ्या डिझेल गाड्यांत आला. हा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ एका वेगात पळावी लागते. सिडकोतून क्रांती चौकात आणि तिथून परत, एवढाच जिचा फेरा आहे तिचा फिल्टर तुंबतो. समृद्धी महामार्ग शहराच्या अंगाशी आला आहे, तर महिन्या-दोन महिन्यांतून अर्धा-पाऊण तास तिकडे एका वेगात गाडी चालवून आणणे हा स्वस्त उपाय आहे.

गिअरबॉक्सच्या तेलाबाबत तर मला स्पष्टच बोलावेसे वाटते. काही गाड्यांच्या कागदपत्रांत हे तेल आयुष्यभर बदलायचे नाही असे सुचवलेले असते. पण यांतल्या अनेक गाड्यांना आठ गिअरची पेटी पुरवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. पेटी बनवणाऱ्याचे ऐकावे. वॉरंटीपुरते आयुष्य मोजणाऱ्याला तेल न बदलणे परवडते. सातव्या वर्षी गाडी घेणाऱ्याला परवडत नाही, कारण पुढची दुरुस्ती लाखांतच सुरू होते.

आता या गाड्यांच्या संगणकी कुलपाविषयी. या गाड्यांत डझनावारी छोटे संगणक असतात. नवा भाग बसवला की तो गाडीच्या संगणकाला ओळखीचा करून द्यावा लागतो. ऑडीत कम्पोनंट प्रोटेक्शन नावाची व्यवस्था आहे. त्यामुळे दुसऱ्या गाडीतून काढलेला धडधाकट मीटर किंवा म्युझिकचा संच बसवला, तरी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी मिळेपर्यंत तो नीट चालत नाही. चोरीच्या पार्टना आळा बसावा हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण परिणाम असा की हुशार, प्रामाणिक, स्वतंत्र गॅरेजवाल्याच्या हातात पाना असतो आणि किल्ली नसते. अगदी बॅटरी बदलली तरी काही गाड्यांत तिची नोंद स्कॅनर लावून करावी लागते. साधा स्कॅनर चुकीचा कोड दाखवतो, तेवढ्यावरून महागडा सेन्सर बदलला जातो आणि बिघाड तसाच राहतो.

या कुलपाविरुद्ध देशात एकदा मोठा निकाल झाला आहे. आपल्याकडे त्याची चर्चा फारच कमी होते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या यादीत मारुती, टाटा आणि महिंद्रा होत्या, तशाच मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, स्कोडा आणि फोक्सवॅगनही होत्या. सुटे भाग, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारात न देता कंपन्यांनी ग्राहकाला आपल्याच सर्व्हिस सेंटरला बांधून ठेवले, हा ठपका होता. हे सगळे स्वतंत्र गॅरेजना मिळाले पाहिजे आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करता येणार नाही, असे आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. सुरुवात म्हणून हे बरे आहे. पण पोर्टलवर माहिती असणे आणि शहरातल्या गॅरेजात ते साधन असणे यांत अजून बरेच अंतर आहे.

या बाबतीत संभाजीनगरची जबाबदारी इतर शहरांपेक्षा मोठी आहे असे मला वाटते. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. स्टेट बँकेने त्यासाठी ४० कोटींहून अधिक कर्ज ७ टक्के व्याजाने दिले. देशभर बातमी झाली, शहराचे नाव दूरवर गेले. त्याच डिसेंबरात पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी जास्त व्याज मोजावे लागते, हे दाखवून दिले. ती टीका रास्तच होती. मला त्या तुलनेत आणखी एक गोष्ट दिसते. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बंद पडला तर पार्ट तालुक्याच्या गावी मिळतो आणि तो बसवणारा मिस्त्री बांधावर येतो. कित्येक पटींनी महाग असलेल्या मोटारीच्या मालकाला ही सोय नाही.

एकत्र आल्यावर किती ताकद येते हे त्या खरेदीने सिद्ध केले. ती ताकद देखभालीसाठीही वापरता येते. पन्नास-शंभर मालकांनी मिळून वाढीव वॉरंटीचा दर, मजुरीचा ठरावीक तक्ता आणि नेहमी लागणाऱ्या पार्टचा साठा शहरातच ठेवण्याची हमी मागितली, तर कुठल्याही विक्रेत्याला ती ऐकून घ्यावी लागेल. शहरात कौशल्यही आहे. वाळूजला एन्ड्युरन्स आणि व्हेरॉकसारख्या कंपन्या वाढल्या, सस्पेन्शन, ब्रेक आणि दिवे बनवणारे कारागीर तयार झाले. मराठवाडा ऑटो क्लस्टर तिथेच आहे. बिडकीनला टोयोटाने मोठ्या प्रकल्पाचा करार केला आहे. सीएमआयए आणि मसिआ या आपल्या उद्योग संघटनांनी ठरवले, तर स्वतंत्र गॅरेजच्या मुलांना अधिकृत तपासणी यंत्रणेचे प्रशिक्षण आणि परवाने मिळवून देणे अशक्य नाही. गाडी जुळवणारे शहर ती दुरुस्त करणारेही झाले पाहिजे, आणि त्यासाठी पाठपुरावा करायला याहून योग्य संघटना मराठवाड्यात नाहीत.

तोवर मालकाने काय करावे? विम्याच्या भरवशावर राहू नये, हे पहिले. विमा अपघाताचा असतो, झिजेचा नसतो. अपघातातही पाच वर्षांनंतर धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापला जातो. रबर आणि प्लास्टिकवर तर गाडी नवी असली तरी ५० टक्के. म्हणजे ऐंशी हजारांच्या बंपरचे चाळीस हजार तुमच्या खिशातून जातात. झिरो डेप्रिसिएशनची जोड बहुतेक कंपन्या पाच वर्षांपर्यंतच देतात, काही सात वर्षांपर्यंत. जुनी गाडी घेणाऱ्याच्या हाती ती येते, तेव्हा नेमके हे छत्र निघून गेलेले असते.

दुसरे, वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपण्याआधी घ्यावी लागते. काही कंपन्या मूळ वॉरंटी दोन वर्षांची देतात, काही तीन. ती तारीख लिहून ठेवा आणि संपण्याच्या दोन महिने आधी बोलणी सुरू करा. कागद वाचताना सस्पेन्शनच्या पिशव्या, गिअरबॉक्सचे मेकॅट्रॉनिक्स, टर्बो आणि स्क्रीन ही चार नावे त्यात आहेत का ते पाहा. ब्रेक पॅड आणि बुश बहुधा नसतातच. ही चार नसतील, तर त्या वॉरंटीला फार अर्थ नाही.

तिसरे, जुनी गाडी घेताना मीटर आणि रंग यांवर भुलू नका. तिचा पूर्ण सर्व्हिस इतिहास मागा. ती रात्रभर सपाट जागी उभी ठेवा आणि सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजा. गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले याची पावती बघा. अधिकृत ठिकाणी पैसे मोजून तपासणी करून घ्या, विकणाऱ्याने त्याला नकार दिला तर सौदा तिथेच सोडा. आणि हिशेब गाडी तुम्हाला मिळाली त्या भावावर न करता ती नवी असतानाच्या भावावर करा. माझ्या मते अशा गाडीच्या मूळ किमतीच्या तीन ते चार टक्के रक्कम दरवर्षी देखभालीसाठी बाजूला पडली पाहिजे. ऐंशी लाखांच्या गाडीला ती सुमारे अडीच ते सव्वातीन लाख होते. एखाद्या वर्षी खर्च झाली नाही तरी तिला हात लावू नये, कारण पुढच्या वर्षी ती लागणारच. घरच्या मिळकतीतून एवढी रक्कम निघत नसेल, तर ती गाडी पंचवीस लाखांतही महागच आहे.

बिलाबाबत फसवणूक झाली असे वाटले, तर गप्प बसू नका. काम सुरू होण्याआधी लेखी अंदाजपत्रक घ्या आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेची तक्रार आपल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे दुरुस्तीची जवळपास सगळी बिले तिथे बसतात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही लागत नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.