कडें अखंड आहे काय?

हल्लीं बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत एखादें तरी माणूस असें असतें कीं, त्याच्या जेवणाला व झोपेला ठराविक वेळ म्हणून राहिलेली नाहीं. मुलगा, सून, पुतणी किंवा भाचा कोणत्या तरी रुग्णालयाच्या, बँकेच्या अथवा महाविद्यालयाच्या संगणकजाळ्याच्या देखरेखीवर असतो. मध्यरात्रीं फोन वाजतो आणि अंथरुणांतून उठून काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचें लेखन सुरू होतें. आजीनें विचारलें तर “स्टॅक तुटला” एवढेंच उत्तर मिळतें, व आजीच्या डोळ्यांपुढें स्वयंपाकघरांतील उतरंड कोसळल्याचें चित्र उभें राहतें. तें चित्र अगदींच चुकीचें आहे असें नाहीं. या महिन्यांत आम्ही या उतरंडीविषयींच लिहिणार आहों. घरांतल्या तरुणांचा उद्योग वडीलधाऱ्यांस समजावा हा एक हेतु, आणि तो उद्योग नुकताच शिकूं लागलेल्या तरुणांस एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी हा दुसरा.

येथें स्विच म्हणजे भिंतीवरचें दिव्याचें बटण नव्हे. ती एक चपटी लोखंडी पेटी असते. तिच्या तोंडावर २४ किंवा ४८ छिद्रें असतात व प्रत्येक छिद्रांत कोठल्या तरी संगणकाची, छपाईयंत्राची, कॅमेऱ्याची वा टेलिफोनची तार येऊन पोहोंचलेली असते. आलेल्या मजकुरावरील पत्ता वाचून तो नेमक्या त्याच तारेंत सोडावयाचा, हें तिचें काम. टपालकचेरींत पत्रांची छाननी करणाऱ्या कारकुनासारखें. इमारत मोठी असली म्हणजे एका पेटीनें भागत नाहीं. चार-पांच पेट्या एकावर एक रचाव्या लागतात, आणि प्रत्येकीचा पत्ता निराळा, परवलीचा शब्द निराळा, नियमांची यादी निराळी असा संसार चालवावा लागतो. २००३ सालीं सिस्को कंपनीनें कॅटलिस्ट ३७५० या नांवाचे स्विच काढले व त्यांबरोबर ‘स्टॅकवाइज’ नांवाची योजना आणली. तिच्यायोगें नऊपर्यंत स्विच पाठीमागून खास केबलींनीं जोडले कीं, बाहेरच्या जगाला ते मिळून एकच स्विच दिसत. त्याच घराण्यांतील पुढच्या पिढीचा कॅटलिस्ट ९३०० हा स्विच २०१७ सालीं निघाला. तो आठपर्यंत एकत्र नांदतो, आणि पाठीमागच्या जोडणीचा वेग पूर्वीच्या सेकंदाला ३२ गिगाबिटांवरून ४८० गिगाबिटांवर गेला आहे. ज्युनिपर प्रभृति इतर कारखानदारांच्याहि अशाच योजना आहेत. त्यांच्या आज्ञांचे शब्द मात्र निराळे. पुढील विवेचनांत आम्ही ९३०० हाच स्विच डोळ्यांपुढें ठेवला आहे.

या पेटीच्या पाठीस स्टॅककरितां दोन तोंडें असतात. पहिल्या पेटीची केबल दुसरीला, दुसरीची तिसरीला, आणि शेवटचीची परत पहिलीला, अशी गुंफण केली म्हणजे एक कडें तयार होतें. चार पेट्या असतील तर केबलीहि चारच लागतात. त्या अर्धा मीटर, एक मीटर व तीन मीटर अशा तीन लांबींच्या मिळतात. वरून खालीं परत येणारी केबल लांब घ्यावी लागते, म्हणून काटकसरीच्या भरांत ती गाळणारे महाभागहि आढळतात. तिच्यावांचून सर्व कांहीं चालतें, आणि चालतें म्हणूनच ती गाळण्याचा मोह होतो. याविषयीं पुढें येईलच.

एकत्र कुटुंबाला जसा कर्ता, तसा या स्टॅकलाहि एक कर्ता लागतो. जुन्या स्विचांत त्यास ‘मास्टर’ म्हणत. नव्यांत ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात, व त्याच्या हाताखालीं गादीवर बसण्यास सज्ज असलेला दुसरा, तो ‘स्टँडबाय’. सर्व नियमांची वही कर्त्याजवळ असते; स्टँडबाय तिची प्रत अद्ययावत् ठेवतो, म्हणून कर्ता एकाएकीं बंद पडला तरी कारभार चालूं राहतो. कर्त्याची निवड मात्र वयावरून होत नाहीं. प्रत्येक पेटीस १ ते १५ यांपैकीं एक अग्रक्रमांक देतां येतो व ज्याचा अंक मोठा तो निवडून येतो. अंक समान असले तर जो आधीं सुरू झाला तो, आणि तेंहि समान असलें तर ज्याचा कारखान्यांत कोरलेला पत्ता अंकानें लहान तो. कारखान्यांतून येतांना सर्वांचा अंक १ असतो. तो तसाच राहूं दिला म्हणजे कुटुंबाचा कर्ता चिठ्ठ्या टाकून ठरविण्यासारखें होतें, आणि बरेच वेळां ती चिठ्ठी सर्वांत जुन्या यंत्राच्या नांवें निघते. म्हणून पहिल्या पेटीस ‘स्विच १ प्रायॉरिटी १५’ व दुसरीस ‘स्विच २ प्रायॉरिटी १४’ अशा आज्ञा पहिल्याच दिवशीं द्याव्या, असें आमचें मत आहे. येथें एक मौज अशी कीं, मोठ्या अंकाची पेटी मागाहून येऊन मिळाली तर ती चालत्या कर्त्यास उठवीत नाहीं. काशीयात्रेहून परतलेल्या वडिलांनीं चालता कारभार पुतण्याकडेच राहूं द्यावा, तशी ती पुढील निवडणुकीपर्यंत निमूट बसून राहते. इतका समंजसपणा आमच्या कित्येक घरांतून दिसत नाहीं. असो.

आतां काळ्या पडद्याविषयीं. हे स्विच चित्रांच्या पानावरूनहि हाताळतां येतात. मग हीं मंडळी आज्ञा टंकीत कां बसतात? आमच्या समजुतीप्रमाणें याचें मुख्य कारण असें कीं, अक्षरें जपून ठेवतां येतात. आज दिलेल्या आज्ञा व आलेलीं उत्तरें तारखेनिशीं साठविलीं, तर सहा महिन्यांनीं त्यांच्याशीं नव्या उत्तरांची ओळीला ओळ लावून तुलना करतां येते. बटणें दाबल्याची अशी नोंद मागें उरत नाहीं. पहिल्या वेळीं कन्सोलच्या तोंडांत केबल लावून सेकंदाला ९६०० या ठरीव गतीनें बोलणें करावें लागतें. पुढें ‘एसएसएच’ या गुप्त मार्गानें दुरूनहि काम होतें. जुना ‘टेलनेट’ मार्ग परवलीचा शब्द उघडा धाडतो, म्हणून तो बंदच ठेवावा.

आंत शिरल्यावर पहिली आज्ञा ‘शो स्विच’. हिचें उत्तर म्हणजे घरांतील माणसांची शिरगणतीच होय: पेटीचा क्रमांक, तिची भूमिका, कारखान्याचा पत्ता, अग्रक्रमांक आणि सद्यःस्थिति. स्थितीच्या रकान्यांत सर्वांपुढें ‘रेडी’ असावें. ‘व्ही-मिसमॅच’ असें आल्यास त्या पेटींतील प्रणालीची आवृत्ति इतरांहून निराळी आहे असें समजावें. अशी पेटी कड्यांत असूनहि कामांत नसते, आणि आवृत्ति जुळविल्याशिवाय ती पंक्तीस बसत नाहीं. छिद्रांचीं नांवेंहि याच क्रमांकावरून पडतात. ‘गिगाबिटइथरनेट ३/०/१७’ म्हणजे तिसऱ्या पेटींतील सतरावें छिद्र. म्हणून रचतांनाच वरून खालीं १, २, ३ असे क्रमांक द्यावे. ते विस्कटलेले असतील तर मध्यरात्रीं टॉर्च घेऊन उभा असलेला मनुष्य तिसरी समजून दुसऱ्याच पेटीची तार ओढतो. क्रमांक ‘रिनंबर’ या आज्ञेनें बदलतो, परंतु ती पेटी पुन्हा सुरू केल्यावरच. आणि जुन्या क्रमांकाच्या नांवें लिहिलेले छिद्रांचे नियम आपोआप नव्याबरोबर जात नाहींत, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

नवी पेटी घालावयाची असल्यास ती विजेवांचून, बंद स्थितींत, दोन्ही केबलींनीं जोडावी व मगच चालू करावी. चालू पेटी जोडली तर ती स्वतःला एकटीचा कर्ता समजत असते. दोन कर्ते समोरासमोर आले म्हणजे निवडणूक होते, व हरलेल्या बाजूच्या सर्व पेट्या बंद होऊन पुन्हा सुरू होतात. हरलेली बाजू नव्या एकट्या पेटीची असली तर ठीक. ती जुन्या चौघींची निघाली तर सगळा मजला अंधारांत.

आतां ज्या गोष्टीकरितां हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळूं. समजा, एका रुग्णालयाच्या मजल्यावर चार पेट्यांचें कडें आहे. झाडलोट करतांना किंवा दुसरें कांहीं यंत्र बसवितांना चौथी व पहिली यांमधील केबल अर्धवट निसटली. तिच्या टोंकाचे स्क्रू बसविणाऱ्यानें बोटांनीं नुसते टेकविले होते. आतां काय घडतें? बाहेरून पाहणाऱ्यास कांहींच नाहीं. कड्याची सांखळी होते, मजकूर उलट्या बाजूनें जाऊं लागतो, एकहि संगणक थांबत नाहीं, कोणाचीहि तक्रार येत नाहीं. पाठीमागचा वेग निम्मा झालेला असतो, पण रुग्णालयाच्या कामास तेवढाहि पुरून उरतो. दिवस जातात, महिने जातात. मग एके रात्रीं दुसरी व तिसरी यांमधील केबल बिघडते आणि सांखळीचे दोन तुकडे होतात. कर्ता पहिली पेटी व स्टँडबाय दुसरी, दोघेहि एकाच तुकड्यांत राहिले. तिसरी व चौथी पोरक्या होऊन पुन्हा सुरू होतात, आपसांत नवा कर्ता निवडतात, आणि त्यांच्याजवळच्या वहींत तोच पत्ता व तेच नियम असल्यामुळें एकाच नांवाचीं दोन घरें एका गल्लींत उभीं राहतात. बाहेरच्या जाळ्यास कोणतें खरें हें कळेनासें होतें, व खिडकीवरील कारकुनास रोग्याची नोंद उघडेनाशी होते.

दुसऱ्या दिवशीं चौकशी होते आणि अहवालांत त्या रात्रींच्या केबलीचें नांव लागतें. आमच्या मतें ती निरपराध आहे. एक केबल केव्हां तरी बिघडणारच, म्हणून तर कडें केलें. खरा अपघात कित्येक महिन्यांपूर्वीं झाला होता व त्या वेळीं सर्व कांहीं सुरळीत चाललें हीच त्याची घातक बाजू. स्टॅक पहिला अपराध पोटांत घालतो. एकत्र कुटुंबांत एका भावाचें कर्ज दुसरे मुकाट्यानें फेडीत राहावे व वडिलांच्या कानांवर जाऊं देऊं नये, तसें हें आहे. ज्या यंत्रणेला दुसरा आधार आहे तिच्यावर पाळत कमी लागते, अशी समजूत फार पसरलेली आहे. वास्तविक तिच्यावर पाळत अधिक लागते, कारण ती आपण होऊन ओरडत नाहीं.

ओरडत नाहीं म्हणजे बोलतच नाहीं असें मात्र नव्हे. विचारलें तर सांगते. ‘शो स्विच स्टॅक-रिंग स्पीड’ ही आज्ञा दिली कीं, कड्याचा वेग येतो व त्याखालीं रचना ‘फुल’ कीं ‘हाफ’ तें येतें. हा एक शब्द आम्ही सर्वांत महत्त्वाचा समजतों. ‘हाफ’ दिसल्यास त्याच दिवशीं केबल शोधावी. सर्व चाललें आहे या सबबीवर उद्यांवर टाकूं नये. कोणती केबल तें ‘शो स्विच स्टॅक-पोर्ट्स समरी’ या आज्ञेनें कळतें. प्रत्येक पेटीच्या दोन्ही तोंडांची स्थिति, शेजारीण कोण, केबल किती लांबीची आणि जोडणी आजवर किती वेळां बदलली, हें सारें तींत असतें. या शेवटच्या रकान्याकडे नवशिके लक्ष देत नाहींत. केबल पूर्ण तुटण्यापूर्वीं पुष्कळदां ती लागते-सुटते, आणि तेवढ्या काळांत हा अंक वाढत जातो. मागील आठवड्याची नोंद शेजारीं ठेवून पाहिली तर केबलीचें दुखणें ती अंथरुणास खिळण्यापूर्वींच ध्यानांत येतें.

रोज माणसानें विचारावें हेंहि खरें नव्हे. माणूस रजेवर जातो, लग्नकार्यांत गुंततो. म्हणून हें काम यंत्रावरच सोंपवावें. स्टॅकचें तोंड बंद पडलें कीं स्विच आपल्या रोजनिशींत ओळ लिहितो. परंतु ती रोजनिशी त्याच्याच स्मृतींत असते व तो पुन्हा सुरू झाला कीं पुसली जाते. तेव्हां ती निराळ्या संगणकाकडे धाडण्याची व्यवस्था करावी, आणि स्विचाचें घड्याळ जाळ्यावरील प्रमाणवेळेशीं जुळवावें. नाहीं तर आधीं काय व मागाहून काय हेंच कळत नाहीं. याशिवाय ‘एसएनएमपी’ या पद्धतीनें देखरेखीच्या संगणकानें दर पांच मिनिटांनीं विचारपूस करावी. बहुतेक ठिकाणीं विचारलें जातें तें एवढेंच कीं, स्विच जिवंत आहे काय. आणि वरील रुग्णालयांतील स्विच तर पहिल्या केबलीनंतर कित्येक महिने ‘जिवंत आहे’ असेंच खरेपणानें सांगत राहिला असता. सिस्कोच्या स्टॅकवाइजच्या माहितीकोशांत ‘रिंग रिडंडंट’ या नांवाचा एक नेमका प्रश्न आहे. कडें अखंड असेल तर उत्तर होकारार्थी, नसेल तर नकारार्थी. विचारावयाचा तो हा. नकार आला कीं फोन वाजावा. झोप मोडेल, पण ती रुग्णालयाच्या सबंध मजल्याच्या झोपेपेक्षां स्वस्त पडते.

वरच्या मजल्याकडे किंवा मुख्य जाळ्याकडे जाणाऱ्या दोन तारा एकाच पेटीस लावण्याची चालहि सोडावी. एक पहिलीस व एक चौथीस लावून दोहोंची मिळून एक जोडणी बांधतां येते. मग कोणतीहि एक पेटी गेली तरी बाहेरचा रस्ता उघडा राहतो.

नवें कडें उभारलें म्हणजे लोकांचें काम सुरू होण्यापूर्वीं एक केबल मुद्दाम सोडून पाहावी. पडद्यावर ‘फुल’चें ‘हाफ’ होतें कीं नाहीं, रोजनिशींत ओळ येते कीं नाहीं, व ज्याच्या उशाशीं फोन असतो त्याचा फोन वाजतो कीं नाहीं, तें पाहावें. मग केबल परत बसवून स्क्रू दोन्ही बाजूंनीं घट्ट करावे, ‘फुल’ आल्याची खात्री करावी, ‘राइट मेमरी’ म्हणून नियमांची वही पक्की करावी, आणि तारीख घालून त्या दिवसाचीं सर्व उत्तरें जपून ठेवावीं.