पंचवीस डिसेंबरचा सेल

डिसेंबर लागला की नागपूरच्या मॉलमध्ये कापसाचा बर्फ पडतो. लाल टोपीतला म्हातारा दारात उभा राहून पोरांना चॉकलेट वाटतो. दोन शर्टांवर एक फुकट. पन्नास टक्के सूट. आज न्या, हप्त्यानं फेडा. भंडारा, तुमसर, पवनी, मोहाडीची आपली पोट्टी एसटी धरून जातात आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परततात. आता भंडाऱ्यातल्या दुकानांनीही काचेवर तोच म्हातारा चिकटवलाय. हे संपादकीय त्या पिशव्यांवर आहे.

काही दोस्त नाक मुरडतील. चळवळीच्या पानावर शर्टाची न् खेळण्याची गोष्ट काहून? त्यांना आधीच सांगतो, कपडा आपल्यासाठी कधीच नुसता कपडा नव्हता. आणि नाताळशी आपलं भांडण नाही. गोठ्यात जन्मलेल्या पोराचा तो सण, आपल्या ख्रिस्ती भावंडांचा सण. आपल्याला हिशेब करायचाय तो सेलचा.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं काय नेसावं ते ठरवून दिलंय. मेलेल्याचे कपडे. दागिने लोखंडाचे. जेवण फुटक्या भांड्यात. त्याच अध्यायात शूद्र चाकराला काय द्यावं तेही आहे. उरलेलं अन्न न् जुने कपडे. हे पोथीतलं पोथीत राहिलं नाही. महाराच्या बावन हक्कांत मढ्यावरचं कापड होतं. हक्क म्हणे! गावातलं माणूस मरेपर्यंत आपल्या आज्यानं उघडं राहायचं न् तो मेला की त्याच्या अंगावरचं नेसायचं. ह्याला संस्कृती म्हणणाऱ्यांची आजही कमी नाही.

ती पोथी बाबासाहेबांनी महाडला जाळली. तारीख २५ डिसेंबर १९२७. ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसानं. त्या परिषदेला महाडच्या बाजारानं माल विकायला नकार दिला होता. मंडपाला जागा मिळाली ती फत्तेखान नावाच्या मुसलमानाची. किराणा बाहेरून आणून साठवावा लागला. नीट वाचा दोस्तांनो. त्या पंचवीस डिसेंबरला आपल्या हातात पैसा असूनही बाजार बंद होता. आज त्याच पंचवीस डिसेंबरला तोच बाजार हात जोडून दारात उभा आहे. बाजाराचं मन पालटलं असं समजू नका. आपला खिसा थोडा भरला, एवढंच झालं. आणि तो खिसा कुणी सेल लावून भरला नाही. शाळेनं भरला, राखीव जागांनी भरला, लढ्यानं भरला.

त्याच महाडमध्ये बाबासाहेब बायांशी बोलले. लुगडं इतर बाया नेसतात तसं नेसा, जातीची खूण सांगणारे ते जड दागिने टाका, नीटनेटक्या राहा. बायांनी लुगड्याची नेसण बदलली. ह्यात फॅशन नव्हती. लांबूनच जात ओळखू येऊ नये म्हणून ती नेसण होती. पुढं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसं पांढरं नेसून आली. कुणी रेल्वेनं, कुणी पायी. भंडाऱ्याहून गेलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी ते पांढरं लुगडं ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेलं असायचं. मढ्याचं कापड उतरवून जित्या माणसाचं कापड अंगावर घ्यायला आपल्याला एवढी वर्षं लागली.

म्हणून साधेपणाचं प्रवचन आम्हाला कुणी देऊ नये. १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईत गांधींनी कपडे उतरवून पंचा नेसला. ज्याच्याकडे उतरवायला काही होतं त्याला ते शोभलं. बाबासाहेबांनी सूट घातला. चौकाचौकातला तो निळा सूट अजून कुणाकुणाच्या डोळ्यांत सलतो. का सलतो, ते या जिल्ह्याला विचारा. मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. मुलं शिकत होती, स्वतःची जमीन कसत होती, मान वर करून वागत होती. कोर्टानं शिक्षा दिल्या, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. म्हंजे खून झाले, पण जात कुठंच नव्हती! गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात २०२३ साली एका दलित तरुणाला मारलं, कारण त्यानं चांगले कपडे घातले न् डोळ्यांवर गॉगल लावला. आपलं दारिद्र्य कुणालाच खुपत नाही. त्यावर तर ते निबंध लिहितात. खुपते ती आपली इस्त्री.

तेव्हा शर्ट घ्या. भारी घ्या. ही झाली एक बाजू.

आता दुसरी बाजू. मी गोदीतला हमाल. न्हावाशेवाच्या बाजूला गोदामात कंटेनर भरतो. पाऊस सरत आला की आमच्याकडं उन्हाळी कपड्यांची खोकी येतात. हाफ चड्ड्या, बिनबाह्यांचे फ्रॉक, पातळ सुती टी-शर्ट. नाताळच्या मालात उन्हाळी कपडे कसे? मुकादम म्हणाला, माल ऑस्ट्रेलियाचा, तिथं नाताळ भर उन्हाळ्यात येतो. किमतीची चिठ्ठी इथूनच लागून जाते, डॉलरात. एक फ्रॉक न् माझी अख्ख्या पाळीची मजुरी शेजारी ठेवली तर फ्रॉकच जड भरतो. खोकं उचलताना मात्र वजन माझ्याच पाठीवर.

ते खोकं भरलं कुणी? शिवलं कुणी? तामिळनाडूत दिंडिगुलच्या एका कापड कारखान्यात जानेवारी २०२१ मध्ये वीस वर्षांची दलित कामगार पोरगी मारली गेली. मारणारा तिच्या वरचा सुपरवायझर. तिथल्या बायकांची युनियन गप्प बसली नाही. २०२२ साली कारखान्याला आणि त्याच्याकडून माल घेणाऱ्या परदेशी ब्रँडला करारावर सही करावी लागली. बांगलादेशात राणा प्लाझा २४ एप्रिल २०१३ ला कोसळला, अकराशेच्या वर माणसं गेली. भिंतींना तडे दिसत होते तरी त्यांना आत मशीनवर बसवलं होतं. दोन शर्टांवर एक फुकट! तो फुकटचा शर्ट कुणीतरी आधीच फेडलेला असतो.

आणि आपण काय नुसतेच गिऱ्हाईक आहोत? नागपूर-भंडाऱ्याकडचे आपले पणजोबा विणकर होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातींवर ग्रंथ छापला. त्यात महारांच्या धंद्यांत गावची राखण न् मजुरी यांच्या जोडीला जाडंभरडं कापड विणणं नोंदलंय. गिरणीचं कापड आलं न् माग मोडले. १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. माग मोडलेली माणसं गिरण्यांच्या दारात उभी राहिली. तिकडं मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला विणखात्यात घेत नसत. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, न् याची थुंकी त्याला विटाळ! पिढ्यान्पिढ्या विणणाऱ्याला मागाजवळ फिरकायची बंदी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. पुढं एम्प्रेस मिल बंद पडली. त्या जमिनीवर काय उभं राहिलं? मॉल. एम्प्रेस मॉल. पणजोबाचा माग गेला, आज्याची गिरणी गेली, नातू त्याच जागी ट्रॉली ढकलतोय. विणण्याचं, शिवण्याचं, वाहण्याचं काम आपल्या जातीवर्गाकडंच फिरत राहिलं. भाव ठरवायची खुर्ची मात्र कधीच आपल्याकडं आली नाही.

खेळण्यांचंही तेच. पोरासाठी बाहुली घ्यायला जा. गोरी, निळ्या डोळ्यांची. सरकारनं २०२० साली परदेशी खेळण्यांवरची जकात वीस टक्क्यांवरून साठ केली, २०२३ ला सत्तर. बाहुली देशी झाली, पण तिचा रंग बदलला का? अमेरिकेत क्लार्क नवरा-बायकोनं काळ्या मुलांपुढं दोन बाहुल्या ठेवल्या होत्या, एक गोरी न् एक काळी. चांगली कुठली? बहुतेक मुलांनी गोरीकडं बोट दाखवलं. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात हा पुरावा कामी आला. त्याच १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत आपल्या लोकांनी बाबासाहेबांना हरताना पाहिलं. हरवणारे कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. पण आपल्या घरातली काळीसावळी पोर कुठल्या बाहुलीकडं बोट दाखवते, हे आपण तिला कधी विचारलंय?

शेवटचा मुद्दा हप्त्याचा. सेलमध्ये कपडा येतो एका दिवसात न् जातो दोन पावसाळ्यांत. हप्ता घरात मुक्काम ठोकतो. वस्तीतल्या मायबहिणी आधीच बचतगटाच्या न् फायनान्सच्या हप्त्यांनी वाकल्यात. सावकाराच्या वहीतून सुटायला आपल्या बापजाद्यांची हाडं झिजली. आता ती वही मोबाईलमध्ये आलीय, एवढाच फरक. कर्जाचा सूट अंगावर चढला तरी त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात असते. असा सूट बाबासाहेबांनी घातला नव्हता.

तेव्हा या डिसेंबरात वस्तीवस्तीत एवढं करा. २५ तारखेला आधी मनुस्मृती दहन दिनाची सभा, बाजार नंतर. पोरांना नवं घ्या, पण रोखीनं, झेपेल तेवढं. कर्ज काढायचंच असेल तर फीसाठी काढा, फ्रॉकसाठी नको. मोहाडी-आंधळगावचे विणकर अजून कोसा विणतात. लग्नाकार्याचं कापड आधी त्यांच्या दारी विचारा. भाव जमो न जमो, आपल्या जिल्ह्यात माग चालतो हे पोरांना दिसू द्या. दिवाळीची साफसफाई करून कुणी उतरलेले कपडे दया म्हणून वस्तीत टाकायला आला, तर ते परत न्यायला सांगा. दहावा अध्याय आपण जाळलाय. आणि कपड्याच्या दुकानात, गोदामात, शिलाईच्या मशीनवर जे आपले आहेत त्यांनी युनियनचं कार्ड काढा. सूट मागायचीच असेल तर ती तिथं मागा, कामाच्या तासांत.

आणखी एक. गावात कुठल्याही पोराच्या अंगावरच्या शर्टाला कुणी हात घातला, तर रडत बसू नका. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झालीय. दलिताचे कपडे जबरीनं उतरवणं, मिशी काढणं हा त्यात सरळ गुन्हा आहे. फिर्याद त्याच दिवशी लिहवा. आणि फिर्यादीला एकटा बाप पाठवू नका. अख्खी वस्ती जाऊ द्या ठाण्यावर. ज्याच्या ट्रंकेत जे सगळ्यात चांगलं असेल, ते घालून.

जय भीम!