‘दुरुस्ती सुरू’ची पाटी, पण योग्य क्रमांकाची
जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे विद्यापीठ जळगावात. शिरपूर-साक्रीच्या विद्यार्थ्याला संकेतस्थळ उघडले नाही, तर जळगावची खेप परवडत नाही.

दुरुस्तीसाठी संकेतस्थळ थोडा वेळ बंद ठेवण्यात गैर नाही. मात्र तेव्हा सर्व्हरने ‘५०३’ हा संकेत द्यावा. त्याचा अर्थ, सेवा तात्पुरती बंद. ‘२००’ दिल्यास सर्च इंजिन दुरुस्तीची सूचनाच खरे पान समजते. ‘३०१’ म्हणजे कायमचे स्थलांतर. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि काम संपल्यावरही विद्यार्थ्याला सूचनेच्याच पानावर नेऊ शकतो. वळवायचेच असेल, तर तात्पुरता ‘३०२’ वापरावा.

सेवा पुन्हा कधी सुरू होईल, हेही पानावर ठळक मराठीत लिहावे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तर दुरुस्ती काढूच नये.