गुलमंडीत २०, समृद्धीवर १२०: छोट्या स्पोर्ट्स कारला रोजचे टायर कोणते?

रिम मोठी, टायर पातळ आणि गाडी ‘भारी’, असे समीकरण शहरात रूढ होतेय. पण खड्डे, मे महिन्याचे ऊन आणि समृद्धी महामार्गाचा वेग एकाच टायरला झेपवायचा असेल, तर निवड वेगळी करावी लागते. कशी, ते समजून घेऊ.

आधी गाडी कोणती ते बोलू

आपल्याकडे दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार जवळपास नाहीच. गोव्यातल्या सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ आणली होती. ती फार चालली नाही. त्यामुळे मराठी मुलांची स्पोर्ट्स कार म्हणजे ताकदवान हॅचबॅक. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय, रांजणगावची १४५ पीएसची अबार्थ पुंटो, ह्युंदाईची आय२० एन लाइन आणि २०२४ मध्ये आलेली टाटा अल्ट्रोझ रेसर. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, पण जुन्या बाजारात तिला आजही मागणी आहे.

जुनी गाडी घेतली की पहिला मोठा खर्च बहुतेक वेळा टायरचाच येतो. आणि तिथेच ‘सतराची रिम टाकून घ्या, लूक येईल’ हा सल्ला मिळतो.

आपले रस्ते टायरकडून काय मागतात?

पैठण गेटवरून टिळक पथाने गुलमंडीत शिरा. दुचाकी, हातगाड्या, रिक्षा, मध्येच उकरून बुजवलेला पट्टा आणि गतिरोधक. इथे गाडीचा वेग २० च्या पुढे जात नाही. इथे टायरची परीक्षा पकडीची नसते, खड्ड्याची कड सोसण्याची असते.

तीच गाडी थोड्या वेळाने सावंगी किंवा माळीवाड्याच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढते. ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग जून २०२५ पासून नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे. कारसाठी वेगमर्यादा १२०. सरळ काँक्रीट, तासन् तास तोच वेग आणि उन्हाळ्यात चाळिशीपार तापमान. इथे परीक्षा उष्णतेची असते. पावसाळ्यात कन्नडचा घाट उतरताना मात्र ओल्या रस्त्यावरची पकडच कामी येते.

म्हणजे रोजच्या टायरला तीन कामे जमली पाहिजेत: खड्डा सोसणे, तापणे सहन करणे आणि ओल्यात थांबवणे. दिसणे हे चौथे काम.

तळहाताएवढा आधार

साधा हिशोब करू. माणसांसह गाडी सुमारे ११०० किलोची धरली, तर एका चाकावर साधारण २७० किलो येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर सव्वादोन किलो दाब. भागाकार केला की रस्त्याला टेकलेला भाग निघतो जवळपास १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका तळहाताएवढा. अशा चार तळहातांवर तुमचे टर्बो इंजिन, ब्रेक आणि मागे बसलेले घरचे लोक अवलंबून असतात.

वेग ६० वरून १२० झाला की ब्रेक लागल्यानंतरचे थांबण्याचे अंतर दुप्पट नाही, साधारण चौपट होते. इंजिनची ताकद वाढवायला पैसे खर्च करणाऱ्याने हा आकडा आधी पाठ करावा.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

१९५/५५ आर१६ ८७व्ही हे आय२० एन लाइनसारख्या गाड्यांचे नेहमीचे माप घेऊ.

• १९५: टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
• ५५: साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर.
• आर१६: रेडियल टायर, १६ इंचाची रिम.
• ८७: भार क्रमांक. एका टायरला ५४५ किलोपर्यंत भार चालतो.
• व्ही: वेग क्रमांक. व्ही म्हणजे २४०, एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९० किलोमीटर प्रतितास.

‘आपण कुठे २४० ने जाणार?’ हा प्रश्न हमखास येतो. पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो त्याचाही अंदाज देते. म्हणून कंपनीने दिलेल्या भार आणि वेग क्रमांकाच्या खाली उतरू नये. वरचा घेतला तर चालतो.

आणखी एक चार अंकी संख्या असते, तीही बघाच. २३२५ असेल तर टायर २०२५ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. दुकानदार ‘नवा माल’ म्हणाला तरी ही संख्या वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोठी रिम घ्यावी का?

१७ इंची रिमवर २०५/४५ टायर बसवला तर एकूण व्यास जवळपास मूळ मापाएवढाच राहतो, फरक एक टक्क्याहून कमी. म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही आणि ‘काही होत नाही’ असे सांगितले जाते. पण साइडवॉल १०७ वरून ९२ मिलिमीटरवर येते. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यातली गादी दीड सेंटिमीटरने कमी झाली. आपल्या रस्त्यांवर हा दीड सेंटिमीटर महाग पडतो. आतले धागे तुटून टायरला फुगा येतो किंवा अलॉय वाकतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. अशा टायरवर समृद्धी गाठणे म्हणजे जिवाशी खेळ.

उलट दिशेचा पर्यायही आहे. १५ इंची रिमवर १९५/६० घेतला तर व्यास साधारण तेवढाच आणि साइडवॉल ११७ मिलिमीटर. फक्त छोटी रिम पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना आणि त्या मापात पुरेसा भार क्रमांक मिळतो ना, हे तपासायला हवे. गल्लीतल्या गाडीला हे माप शोभून दिसणार नाही, पण कंबर आणि रिम दोन्ही वाचतात.

आमचे मत स्पष्ट आहे: रोजच्या गाडीला कंपनीचे मूळ माप ठेवा. वाचलेले पैसे त्याच मापातल्या चांगल्या टायरवर लावा. कंपनीने मंजूर न केलेले माप बसवले, तर अपघातानंतर विमा कंपनी प्रश्न विचारू शकते, हेही लक्षात असू द्या.

मग त्याच मापात कोणता?

बाजारात ढोबळमानाने तीन गट दिसतात.

जास्त चालणारे: रबर कडक, पेट्रोल थोडे वाचते, किलोमीटर भरपूर. पण ओल्या रस्त्यावर यातले बरेच टायर कमी पडतात. ताकदवान गाडीला हे पटकन जाणवते. पहिल्या पावसात सिग्नल सुटला की पुढची चाके जागेवर फिरतात.

रोजचे संतुलित: मिशेलिनची प्रायमसी, गुडइयरची अ‍ॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स अशा मालिका या गटात येतात. गुडइयरचा तर कारखानाच आपल्या वाळूजला आहे. ओली पकड, आवाज आणि आयुष्य यांचा मेळ इथे बरा बसतो.

पकड आधी: मिशेलिनची पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनची पोटेन्झा या मालिका. वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी जाते. टायर मात्र लवकर झिजतो, किंमत जास्त आणि छोट्या मापात निवड थोडी.

महिन्यातून एखादा घाट आणि बाकी रोज ऑफिस, असा वापर असेल तर दुसरा गट पुरे. सेमी-स्लिक टायर रोजच्या गाडीला नकोच. त्याच्या नक्षीत पाणी बाहेर फेकायला पुरेशा खाचा नसतात. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो आणि स्टीअरिंग हातात असूनही गाडी ऐकत नाही.

हवा: सर्वांत स्वस्त सुरक्षा

टायर फुटण्यामागे अनेकदा ‘जास्त हवा’ हे कारण सांगितले जाते. प्रत्यक्षात कमी हवाही तितकीच घातक. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त दबते, जास्त तापते आणि तासन् तास १२० ने चालल्यावर आतले थर सुटू लागतात.

• हवा गाडी थंड असताना, सकाळीच तपासा. तापमान १० अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो.
• महामार्गावर दाब वाढलेला दिसला म्हणून तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका. थंड झाल्यावर तो टायर कमी हवेचा निघेल.
• चौघे आणि सामान असेल तर दरवाजाजवळच्या स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा पाळा.
• नायट्रोजन चालेल, पण तो जादू नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून दोनदा तपासलेली साधी हवा, न तपासलेल्या नायट्रोजनपेक्षा बरी.

बदलायचा कधी?

कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला. पण पावसात चालवणाऱ्याने ‘गोटा’ होईपर्यंत थांबू नये. ३ मिलिमीटरला बदलण्याचा विचार सुरू करावा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे. उभ्या गाडीचाही टायर उन्हाने चिरतो.

दोनच नवे घेणे परवडत असेल, तर ते मागे बसवा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलल्यावर बऱ्याचदा सावरते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते. ती सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही.

पैशांचे काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यामुळे ‘निम्म्या किमतीत उतरवलेले इम्पोर्टेड टायर’ घेण्याचे उरलेसुरले कारणही कमकुवत झाले आहे. त्या टायरने आधी काय सोसले, हे बाहेरून पाहून कुणालाच सांगता येत नाही.

जबाबदारी फक्त ग्राहकाची नाही

टायरची ओली पकड, घर्षणाचा रोध आणि आवाज यांचे किमान निकष केंद्राने २०२२ मध्ये अधिसूचित केले. हे चांगलेच झाले. पण किमान निकष पार करणारा टायर आणि उत्तम टायर यातला फरक काउंटरवर उभ्या ग्राहकाला दिसला पाहिजे. युरोपात ओल्या पकडीचा दर्जा अक्षरात छापलेला असतो. आपल्याकडेही तो किमतीच्या शेजारी मोठ्या अक्षरात लावणे सक्तीचे व्हावे.

समृद्धीच्या प्रवेशावर परिवहन विभागाने टायर तपासणीची मोहीम राबवली होती. ती अपघातानंतरची मोहीम न राहता रोजचे काम व्हायला हवे. महापालिकेनेही खड्डा बुजवताना त्याची कड रस्त्याशी सपाट केली, तर कितीतरी टायर वाचतील.

तोवर तुमच्या हातात एवढे आहे: मूळ माप, ताजी तारीख, ओल्यात धरणारे रबर आणि सकाळची हवा. रिमची चमक लोकांना दिसते. थांबण्याचे अंतर फक्त एकदाच दिसते, आणि तेव्हा निवड बदलता येत नाही.