शिवार विकायचं तर विका, पण गाव बुडवून नको

एरवी मी इथे जुन्या आठवणी लिहितो. आज जरा भांडायला आलोय. भांडण आपल्याच माणसांशी आहे, आणि त्यात मीही आलो.

गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. "काका, नाल्याकडच्या शेताला पार्टी आलीय. शेजारच्यांनी होकार दिलाय. लेआऊट पडणार. तुमची सही तेवढी लागते."

नाल्याकडचं शेत म्हणजे आमचं सगळ्यात चांगलं शेत. मे महिन्यात धूळवाफ पेरणी, पुढे पावसाच्या जिवावर भात. बासमती पोटरीला आली की बांधावरनं चालताना वास यायचा. भात कापलं की त्याच ओलीवर मसूर आणि वाटाणा, वरून पाण्याचा थेंब न देता. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, मजगाव, मच्छे ह्या सगळ्या पट्ट्याची जमीन अशीच. काळी, खोल, ओल धरणारी. "बेळगाव बासमती" म्हणून पाहुण्यांना पिशवी भरून देताना आपली छाती फुगते, ती ह्याच मातीवर.

आता तेच शेत "काही कामाचं नाही ओ काका" झालंय. का? तर दरवर्षी बळ्ळारी नाल्याचं पाणी चढतं आणि रोप कुजतं. नाला जुनाच आहे. पण वरच्या अंगाला भराव टाकून घरं उठली, पाणी पसरायची जागा गेली, ते खालच्याच्या शेतात शिरलं. खालच्याने दोन-तीन वर्षं नुकसान सोसलं, मग कंटाळून विकलं. त्यानेही भराव टाकला. आता पाणी त्याच्या शेजाऱ्याकडे. हा धंदा असा चालतो. आधी शेत बुडवायचं, मग बुडतं म्हणून विकायचं.

शेतकऱ्याने विकू नये असं सांगायला मला तोंड नाही. पेन्शन घेऊन टिळकवाडीत बसलेल्या माणसाने एकरभरवाल्याला शेतीचं महत्त्व सांगू नये. पोराचं शिक्षण, पोरीचं लग्न, आणि भाताचा दर काय मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमचं घरसुद्धा कधीकाळी कुणाच्या तरी शेतातच उठलं असणार. घरं लागतातच. माझं भांडण घरं कुठे आणि कशी बसवता, ह्यावर आहे.

माझा वाटाही सांगतो. १९७४ साली बी.कॉम. होऊन मी बँकेत लागलो. त्याच वर्षी कर्नाटकात कूळकायद्याची मोठी दुरुस्ती लागू झाली आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन चढू लागली. १९८१ ला मी निपाणीला होतो. शरद जोशींच्या मागे तंबाखूवाले शेतकरी दरासाठी महामार्गावर बसले, ते ह्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा पीककर्ज द्यायचं तर आम्ही बांधावर जाऊन उभं पीक बघायचो. पुढे बेळगावात साईटची कर्जं करू लागलो तेव्हा मात्र खुर्ची सोडली नाही. एनएचा आदेश आहे? मंजूर नकाशा आहे? ईसी स्वच्छ आहे? झालं, मार शिक्का. नाला कुठून जातो, पाणंद कुठे बुजली, हे एकदाही विचारलं नाही. फॉर्मात तो रकानाच नव्हता. कर्जं मात्र वेळेवर फिटली, त्याबद्दल वरून शाबासकी मिळाली.

२०२० मध्ये कायदा बदलला. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती, ती अट गेली. आता कुणीही येऊन घेऊ शकतो. म्हणजे गावाने जागं राहायची गरज वाढली. आणि आपण काय करतोय?

हे लिहिताना मला चीड येते. २०१४ साली येळ्ळूरचा "महाराष्ट्र राज्य" फलक काढला तेव्हा आपल्या घराघरांत डोळ्याला पाणी आलं. १९५६ पासून सांगत आलो, ही माती आमची. आज येळ्ळूर रोडने जाताना साईटचे बोर्ड मोजा. बहुतेक नावं इंग्रजी, कुठलीतरी व्हॅली नाहीतर एन्क्लेव्ह. त्या फलकासाठी अंगावर काठ्या घेतल्या, ह्या बोर्डांसाठी आपणच सह्या देतो.

बाहेरून आलेला माणूस वाईट असतो असं नाही. पण त्याला साईट विकताना गाव दाखवलेलं नसतं. मग तो वर्षभरात तक्रार करतो, शेजारच्या गोठ्याचा वास येतो म्हणून. मळणीच्या वेळी ट्रॅक्टर रस्त्यावर उभा राहिला की हॉर्न मारतो. लक्ष्मी यात्रेआधी गाव वार पाळतं, कुणी शेतात जात नाही, हे त्याला कोण सांगणार? आणि गावातलाच पोरगा वेगळा निघाला तर त्याला तीस बाय चाळीसची साईट. बाराशे चौरस फूट, म्हणजे सव्वा गुंठासुद्धा नव्हे. त्यात सोपा नाही, परडं नाही, म्हैस बांधायला जागा नाही. म्हैस विकली की दूध पिशवीचं.

"विकास थांबवता येतो काय?" असं विचारणारे भेटतात. थांबवा कोण म्हणतंय? केरळने २००८ मध्ये भातशेती आणि पाणथळ जमीन राखायचा कायदा केला, पंचायतीपातळीवर समिती नेमली, तीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी घेतले. पुढे त्यात सवलती घुसल्या हे खरं, पण भातशेताला कायद्यात वेगळं नाव तरी मिळालं. चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. तिथे २००६ मध्ये लोक प्रादेशिक आराखड्याविरुद्ध उठले आणि पुढच्याच वर्षी सरकारने तो मागे घेतला. आपण मात्र आराखडा आला की पहिल्यांदा बघतो, आपल्या शेताला पिवळा रंग लागलाय की नाही. पिवळा म्हणजे घरं, म्हणजे दर.

माझं मागणं साधं आहे. घरं गावठाणाला लागून, माळाच्या उंच जमिनीवर वाढवा. सखल भातशेत आणि नाल्याचे दोन्ही काठ सोडा. जुन्या नकाशात पाणंद जेवढी रुंद, तेवढी मोकळी ठेवा. गावच्या माणसासाठी परड्यासकट मोठी जागा राखा. हे ग्रामसभेत बोला, लेखी द्या, पोच घ्या. बँकेतल्या माणसाचा सल्ला आहे, पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

पुतण्याला मी सांगितलंय, सही देतो, पण आधी लेआऊटच्या नकाशावर नाला दाखव. त्याने नकाशा पाठवला. त्यात नाल्याच्या जागी बाग आणि मुलांची घसरगुंडी आहे. येत्या रविवारी गावी जातोय, जुना नकाशा बरोबर घेऊन. तुमच्यापैकी कुणाकडे आपापल्या गावाचे जुने नकाशे असतील तर फोटो टाका. शिवारातल्या शेतांची जुनी नावं आठवत असतील तर तीही लिहा.