जुळणारे आकडे म्हणजे नियम नव्हे

ग्रहमालेवरील लोकप्रिय लेखनात आणि व्याख्यानांत 'बोडचा नियम' अजूनही मोठ्या मानाने मिरवतो. आकड्यांची एक सोपी श्रेणी मांडावयाची, तीत ग्रहांची अंतरे चपखल बसवून दाखवावयाची आणि शेवटी सृष्टिकर्त्याच्या गणितास हात जोडावयाचे, हा या मांडणीचा ठरलेला परिपाठ. श्रोते संतुष्ट होऊन घरी जातात. सृष्टिकर्त्याविषयी येथे वाद नाही; वाद आहे तो 'नियम' या शब्दाविषयी. जो नियम नाही त्यास नियम म्हणणे ही शब्दाची नव्हे, विचाराची ढिलाई आहे आणि ती आता थांबावयास हवी.

प्रथम ती श्रेणी पाहू. ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६ हे आकडे घ्यावेत, प्रत्येकात ४ मिळवावेत आणि १० ने भागावे. सूर्य आणि पृथ्वी यांतील अंतर १ मानले, तर बुध ०.४, शुक्र ०.७, पृथ्वी १, मंगळ १.६, मग २.८ ही रिकामी जागा, गुरू ५.२ आणि शनी १० असे उत्तर येते. प्रत्यक्षात बुध ०.३९, शुक्र ०.७२, मंगळ १.५२, गुरू ५.२ आणि शनी साधारण ९.५ वर आहे. जुळणी देखणी आहे, हे मान्य. टिटियस या जर्मन पंडिताने १७६६ मध्ये एका फ्रेंच ग्रंथाच्या अनुवादात ती घातली आणि १७७२ मध्ये बोडने तिचा पुरस्कार केला. १७८१ मध्ये हर्शेलला युरेनस सापडला, तो १९.६ च्या जवळ, १९.२ वर. पुढे १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझ्झीस सेरेस दिसला, तो २.७७ वर निघाला. बोडचा जयजयकार झाला.

येथवरची कथा सारे सांगतात. पुढची कोणी सांगत नाही. पियाझ्झी त्या रिकाम्या जागेचा ग्रह शोधतच नव्हता. तो ताऱ्यांची यादी तयार करीत होता. १८०२ मध्ये जवळपास त्याच अंतरावर पॅलस सापडला, १८०४ मध्ये जूनो आणि १८०७ मध्ये व्हेस्टा. एका आसनावर चार दावेदार! तेव्हा ओल्बर्सने तर्क लढविला की, मूळचा एक ग्रह फुटून हे तुकडे झाले असावेत. हा फुटलेला ग्रहही आपल्या व्याख्यात्यांचा लाडका. परंतु त्या पट्ट्यातील सारे लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे ३ टक्केच भरते. एवढ्याशा ऐवजातून कोणता ग्रह घडणार?

१८४६ मध्ये तर श्रेणीचा पुरता निकाल लागला. नेपच्यून ३८.८ वर हवा होता, तो ३० वर सापडला. लव्हेरिये आणि ॲडम्स या दोघांनीही आपल्या गणिताच्या प्रारंभी बोडचेच अंतर गृहीत धरले होते. तरीही ग्रह सांगितलेल्या दिशेस मिळाला, तो गुरुत्वाकर्षणाच्या बळावर, श्रेणीच्या नव्हे. शिवाय मुळातच एक खोट आहे. ३ च्या मागे निम्मा आकडा घ्यावयाचा तर तो दीड असावयास हवा. बुधाची सोय लावण्यासाठी तेथे शून्य बसविले आहे.

सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसास एक भेद पक्का कळतो. नियमाच्या मागे आधार असतो; परिपाठाच्या मागे केवळ 'आजवर असेच चालत आले' एवढेच असते. बोडची श्रेणी हा परिपाठ आहे, तोही मोडलेला.

नियम कसा असतो, हे पाहावयाचे असेल तर त्याच १७७२ या वर्षाकडे वळावे. त्या वर्षी लाग्रांजने, तीन वस्तू एकमेकींस ओढीत असतील तर काय घडेल, याचा विचार गणिताने केला. ग्रहाच्या कक्षेवर त्याच्या ६० अंश पुढे आणि ६० अंश मागे एखादी लहान वस्तू राहू शकेल, असे त्यातून निघाले. तेव्हा अशी एकही वस्तू कोणी पाहिलेली नव्हती. १९०६ मध्ये माक्स वोल्फला गुरूच्या पुढे नेमक्या त्या स्थानाजवळ अकिलीस हा लघुग्रह सापडला. आज तेथील हजारो लघुग्रह ज्ञात आहेत. १३४ वर्षे हे गणित प्रतीक्षा करीत होते. त्यास कोणत्याही शून्याची मदत घ्यावी लागली नाही.

लघुग्रहांच्या पट्ट्याचेही असेच. त्यात मधूनमधून जवळजवळ ओस पडलेल्या वाटा आहेत, हे कर्कवुड याने १८६६ मध्ये दाखवून दिले. अंतर २.५ असले की लघुग्रहाच्या तीन प्रदक्षिणा गुरूच्या एका प्रदक्षिणेइतक्या होतात. मग गुरूची ओढ पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बसते, कक्षा लांबट होत जाते आणि लघुग्रह ती वाट सोडतो. येथे आकडे आहेत आणि आकड्यांमागे कारणही आहे.

आता थोडे घरचे बोलू. धारवाड मुलखातील नरगुंदला जन्मलेले ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असे मांडले. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासला आढळलेले प्रमाण त्यांनी बाहेरच्या ग्रहांना लावून पाहिले होते. 'ब्रह्मा' या ग्रहाचे अंतर त्यांनी ३८.९५ आणि प्रदक्षिणाकाल २४२ वर्षे दिला. १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोचे अंतर ३९.५ आणि काल २४८ वर्षे आहे. त्यावरून 'प्लूटोचे भाकीत मराठी माणसाने केले' असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु प्लूटो आकाशात कोठे दिसेल, हे केतकरांनी सांगितले नव्हते. आणि त्यांचा दुसरा ग्रह 'विष्णू' आजतागायत कोणास दिसलेला नाही. बोडचे यश सांगून अपयश झाकणाऱ्यास आपण दोष द्यावयाचा आणि केतकरांविषयी तेच करावयाचे, हा न्याय नव्हे.

असे लिहिल्याने केतकर लहान होतात काय? मुळीच नाही. त्यांचे मोठेपण 'ज्योतिर्गणिता'त आहे. पंचांगातील गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळलेच पाहिजे, या आग्रहासाठी त्यांनी जन्मभर कष्ट केले. आपल्या ज्योतिषशास्त्राने या कसोटीस 'दृक्प्रत्यय' असे नेमके नाव दिलेले आहे. तिच्यात जे दिसले तेही मोजावयाचे असते आणि जे दिसले नाही तेही. केतकरांचा वारसा सांगणाऱ्यांनी निदान ही कसोटी सोडू नये. मग समोर बोड असो वा आपलाच माणूस.