खेळाचा जन्मदाखला कोण मागतो?

क्रिकेट इंग्रजांनी शोधलं आणि बेसबॉल अमेरिकेनं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण खेळ ‘शोधला’ म्हणजे नेमकं काय झालं? कुणी एका दुपारी फळी घडवली, नियम लिहिले आणि पोरांना मैदानात उतरवलं? चेंडूफळीच्या जुन्या इंग्रजी खेळांचे कागद चाळले, तर हकीकत वेगळीच निघते.

क्रिकेटचा सर्वांत जुना भरवशाचा पुरावा जमिनीच्या एका खटल्यात आहे. सरे परगण्यातल्या गिल्डफर्डमध्ये १५९८च्या सुमारास एका भूखंडावरून वाद चालू होता. त्यात जॉन डेरिक नावाच्या ५९ वर्षांच्या कॉरोनरने साक्ष दिली की, शाळेत असताना तो आणि त्याचे सोबती त्याच जागेवर ‘क्रेकेट’ खेळायचे. वयाचा हिशेब केला तर काळ १५५०च्या आसपासचा निघतो. डेरिकला खेळाचा इतिहास सांगायचा नव्हता. जागा कुणाच्या वापरात होती, एवढंच त्याला सांगायचं होतं.

पुढच्या नोंदीही अशाच. १६११ मध्ये ससेक्समधल्या सिडलशॅम गावात रविवारी चर्चला न जाता क्रिकेट खेळले म्हणून दोघांवर कारवाई झाली. १६२४ मध्ये हॉर्स्टेड केन्स इथे जॅस्पर व्हिनॉल हा खेळाडू डोक्यात बॅट लागून मरण पावला, त्या चौकशीचे कागद उरले. कोर्ट, चर्च आणि कॉरोनर या तिघांमुळे आज आपल्याला क्रिकेटचं बालपण दिसतं. गावातली पोरं आपल्या खेळाबद्दल लिहून ठेवत नव्हती. काही भानगड झाली, तरच त्यांची नावं कागदावर चढत. क्रिकेटचे नियम लिहिले गेले ते १७४४ मध्ये. तोवर खेळ सुमारे दोनशे वर्षं जुना झाला होता.

त्याच १७४४ साली लंडनच्या जॉन न्यूबेरी या प्रकाशकाने मुलांसाठी एक चिमुकलं पुस्तक काढलं. त्यात स्टूलबॉल, ट्रॅपबॉल या खेळांच्या जोडीला ‘बेस-बॉल’ही चित्रासह आहे. १७५५ मध्ये विल्यम ब्रे या तरुणाने आपल्या डायरीत लिहिलं की, ईस्टरच्या सोमवारी तो मित्रमैत्रिणींसोबत बेसबॉल खेळला. तेही त्याच गिल्डफर्ड परिसरात, आणि खेळणाऱ्यांत मुलीही होत्या. अमेरिका नावाचा देश तेव्हा जन्मालाही यायचा होता.

मग अमेरिकेने काय केलं? हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला पत्रकार सांगत होता की, बेसबॉल इंग्रजांच्या राउंडर्समधून आला. माजी खेळाडू आणि खेळसाहित्याचे बडे व्यापारी अल्बर्ट स्पॉल्डिंग यांना ते मान्य नव्हतं. १९०५ मध्ये एक आयोग नेमला गेला. त्याने एका वृद्ध माणसाच्या आठवणीवर विसंबून १९०७ मध्ये निकाल दिला की, ॲबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये कूपर्सटाउन इथे हा खेळ निर्माण केला. डबलडे यादवी युद्धातले नामवंत सेनानी. पण १८३९ मध्ये ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते, आणि बेसबॉल आपण शोधला असा दावा त्यांनी हयातीत कधी केला नाही. तरी कूपर्सटाउनला बेसबॉलचं राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं, ते आजही तिथेच आहे.

गंमत म्हणजे चॅडविकचंही म्हणणं टिकत नाही. ‘राउंडर्स’ हे नाव छापील पुस्तकात दिसतं ते १८२८ मध्ये, म्हणजे न्यूबेरीच्या बेसबॉलनंतर तब्बल ८४ वर्षांनी. दोन्ही बाजूंना खेळावर आपल्या देशाचं नाव कोरायचं होतं. निकाल आधी ठरला की पुरावा शोधला जात नाही, सोयीचा साक्षीदार शोधला जातो.

आपण यातून मोकळे आहोत असं नाही. क्रिकेट विटीदांडूतून निघालं, असे संदेश आपल्याकडेही अभिमानाने फिरतात. दांडूने काहीतरी टोलवणं सगळ्या जगातली मुलं करत आली आहेत. तेवढ्या साम्यावरून नातं सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या नोंदी सांगतात त्या अशा : १७२१ मध्ये खंबायतजवळ इंग्रज खलाशी क्रिकेट खेळले, १८४८ मध्ये मुंबईच्या पारशांनी ओरिएंटल क्लब काढला, पुढे हिंदू आणि मुस्लिम संघ उतरले. खेळ परका होता, खेळणाऱ्यांनी तो आपला केला. यात कमीपणा कसला?

‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न खेळांपुरता राहत नाही. तो भाषेला, पदार्थांना, पेहरावाला आणि शेवटी माणसांनाही विचारला जातो. आमच्यापैकी अनेकांनी तो ऐकलेला आहे, ज्या गावात आजोबा-पणजोबा नांदले त्याच गावात. विचारणाऱ्याला बहुधा माहिती नको असते, हक्क कुणाचा हे ठरवायचं असतं. अशा वेळी मला डेरिकची साक्ष मोलाची वाटते. खेळ कुणी निर्माण केला, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. या जागेवर आम्ही खेळत होतो, एवढंच त्याने शपथेवर सांगितलं.